ड्रॉप येतो, पण अंगावर काटा येत नाही

झोप लागत नाही, नोकरीत मन रमत नाही, घरात कुरबुरी होतात, अशा कारणांसाठी माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या माणसांपैकी काही जण दोन-तीन भेटी झाल्यावर, जरा अवघडून, एक वेगळीच गोष्ट बोलून दाखवतात. ज्या संगीतावर तरुणपणी जीव टाकला ते आता पूर्वीसारखे भिडत नाही. नवीन निघते ते बेचव लागते, जुने लावले तर गळा दाटून येतो. मग संगीत बिघडले आहे की आपल्यातच काही बिघडले आहे, असे ते विचारतात. अवघडण्याचे कारण उघड आहे. घराचे हप्ते, आईवडिलांची आजारपणे, मुलांच्या शाळा यांच्या रांगेत 'मला आता ट्रान्स ऐकून काही वाटत नाही' (ट्रान्स ही इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची एक शैली) ही तक्रार उभी करायची माणसाला लाज वाटते. मला ती क्षुल्लक वाटत नाही, कारण तिच्या तळाशी बहुधा एखादी गंभीर शंका दडलेली असते.

इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकच्या चाहत्यांकडून ही तक्रार मी इतरांपेक्षा जास्त ऐकली आहे, आणि ते मला स्वाभाविक वाटते. हे संगीत उभे राहून, गर्दीत, रात्री आणि अंगाने ऐकायचे असते. शिवाय त्यातली फॅशन चार-पाच वर्षांत पालटते. ख्याल ऐकणारा माणूस साठीला पोचला की जाणता समजला जातो. डान्स फ्लोअरवर चाळिशीचा माणूस दिसला की मात्र 'काका, तुम्ही इथे?' अशा नजरेने त्याच्याकडे पाहिले जाते.

ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते गृहस्थ 37 वर्षांचे, पुण्याजवळच्या एका कारखान्यात नियोजन विभागात काम करणारे. त्यांच्या परवानगीने लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ते थेट याच प्रश्नासाठी आले होते, आणि नियोजनाचा माणूस असल्यामुळे प्रश्न कागदावर लिहून आणला होता: 'नवीन संगीत खरोखर वाईट झाले आहे की मी बदललो? आणि हे डिप्रेशनचे लक्षण आहे का?'

निमित्त झाले ते डिसेंबरमधल्या एका मोठ्या महोत्सवाचे. कॉलेजचा जुना ग्रुप कित्येक वर्षांनी एकत्र जमला होता, महागडी तिकिटे काढली होती, सोबत दोघांच्या बायकाही होत्या. रात्री मुख्य मंचावर बिल्ड-अप, म्हणजे उत्कंठा वाढवत नेणारा भाग, चढत गेला, मग ड्रॉप, म्हणजे ठेका पूर्ण जोराने कोसळण्याचा क्षण, आला, हजारो माणसे एकदम उसळली, आणि हे गृहस्थ हात वर करून नुसतेच उभे राहिले. 'मॅडम, मला दिसत होतं की आता मजा यायला हवी. पण आत काहीच हललं नाही. अंगावर काटा नाही, काही नाही.' बाकीचे मित्र मजेत होते. संगीताकडे फारसे लक्ष न देता ते जुन्या रात्रींच्या गोष्टी काढून हसत होते. परतताना गाडीत बायको म्हणाली, 'वय झालं आपलं, सोड ना आता.' त्या वाक्याने त्यांची झोप उडाली.

कागदावरच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधणे गरजेचे होते. पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यात तो न वाटणे हे नैराश्याच्या प्रमुख लक्षणांपैकी एक आहे, आणि नैराश्याच्या चाचपणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-9 या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न त्याविषयी आहे: गेल्या दोन आठवड्यांत गोष्टी करण्यात रस किंवा आनंद कमी वाटला का? पण तिथे विचारले जाते ते सगळ्या गोष्टींविषयी. म्हणून मी त्यांना संगीत सोडून बाकीचे विचारले. रविवारी मुलीला सायकल शिकवताना काय होते, जेवणाची चव लागते का, क्रिकेटचा सामना शेवटपर्यंत बघता का, सकाळी उठावेसे वाटते का. सायकलची गोष्ट सांगताना ते खुर्चीत पुढे सरकले आणि हातवारे करून मुलीने ब्रेक कसा दाबला नाही ते दाखवू लागले. प्रश्नावलीतले गुणही कमीच आले. हे नैराश्य नव्हते, आणि तसे मी स्पष्ट सांगितले. गाण्याबरोबर जेवण, माणसे, काम, मुले असे सगळेच बेचव होऊन दोनेक आठवड्यांहून अधिक काळ तसेच राहिले, झोप-भूक बिघडली, जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर तो प्रश्न संगीताचा नसतो; तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, आणि लगेच कोणाशी बोलायचे असेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे, मराठीतूनही बोलता येते.

आणखी दोन गोष्टी मी या चाहत्यांना न चुकता विचारते, आणि दोन्ही ऐकून माणसे चमकतात. पहिली कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकणे सुरक्षित आहे, पण आवाज दर 3 डेसिबलनी वाढला की हा वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला आठवड्यातून जेमतेम 20 मिनिटे उरतात. पंधरा वर्षे स्पीकरच्या भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाने 'आता संगीत सपाट वाटते' असे सांगितले की मनाआधी कान तपासून घ्यावेत, असे माझे मत आहे. या गृहस्थांना महोत्सवानंतर दोन-दोन दिवस कानात शीळ वाजत राहायची, आणि ते त्याला 'पार्टीची पावती' म्हणत. ऑडिओलॉजिस्टकडे पाठवल्यावर दोन्ही कानांत 4000 हर्ट्झच्या आसपास ऐकण्यात थोडी घट आढळली. मोठ्या आवाजाने होणारी हानी बहुधा तिथेच आधी दिसते. त्यामुळेच संगीत आवडेनासे झाले असे ऑडिओलॉजिस्टने म्हटले नाही, मीही म्हणत नाही. पण गर्दीत बोलणे कळायला त्रास होतो, म्हणून आपण माणसांना टाळतो आहोत, हे त्यांच्या त्याच आठवड्यात लक्षात आले. कलाकार वापरतात तसे, सगळा आवाज सारख्याच प्रमाणात कमी करणारे इअरप्लग त्यांनी घेतले.

दुसरा प्रश्न अमली पदार्थांचा. या गृहस्थांच्या बाबतीत तो बिअरपाशी संपला, पण सगळ्यांच्या बाबतीत संपत नाही, म्हणून थोडे लिहिते. एमडीएमएसारखी गोळी घेऊन घालवलेली पहिली रात्र जर 'आयुष्यातली सर्वांत सुंदर रात्र' म्हणून स्मरणात बसली असेल, तर त्या आठवणीत संगीताचा वाटा किती आणि मेंदूत एकाच वेळी मोठ्या प्रमाणात सुटलेल्या सेरोटोनिन या रसायनाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पुन्हा पुन्हा घेतल्यावर तो परिणाम ओसरत जातो आणि नंतरच्या दिवसांत मन खाली जाते. माणूस मात्र दोष देतो डीजेला. अशा व्यक्तीशी होणारे बोलणे निराळ्या वाटेने जाते. ती वाट या लेखाची नाही.

मग आम्ही त्यांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळलो, आणि तिथे ते रमले. 2006 ते 2010 ही त्यांची इंजिनीअरिंगची वर्षे. दर गुरुवारी रात्री उशिरा आर्मिन व्हॅन ब्यूरन या डच डीजेचा ट्रान्सचा रेडिओ कार्यक्रम लागे. 2001 पासून चालत आलेला तो कार्यक्रम हॉस्टेलमधल्या एका संगणकावर सहा-सात जण दाटीवाटीने बसून ऐकत. इंटरनेट मध्येच तुटे. एखादी धून आवडली आणि तिचे नाव जाहीर नसले, तर तिचा 'आयडी' शोधण्यात महिना जाई. सापडली की पेन ड्राइव्हवरून ती हॉस्टेलभर फिरे. पुढे डिसेंबरमध्ये स्लीपर बसने गोवा. कांदोळीच्या किनाऱ्यावर 2007 साली सुरू झालेला सनबर्न महोत्सव त्यांनी अगदी पहिल्या वर्षी पाहिला नव्हता, याची रुखरुख त्यांना अजून आहे. 2015 साली हार्डवेल या डच डीजेने मुलांच्या शिक्षणासाठी निधी उभारायला नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जो कार्यक्रम केला, त्याला ते होणाऱ्या बायकोला घेऊन गेले होते. आणि एप्रिल 2018. स्वीडनचा डीजे आविची, म्हणजे टिम बर्गलिंग, वयाच्या 28व्या वर्षी मस्कतमध्ये गेल्याची बातमी आली, तेव्हा ते ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. एका सहकाऱ्याने पाहिले आणि जेवणाच्या सुट्टीत चेष्टा केली, 'कोण तुझा चुलत भाऊ होता का?' तेव्हापासून या विषयावर कोणाशी बोलणे त्यांनी बंद केले होते. ज्याला कधी भेटलो नाही अशा कलाकाराचा शोक हा खराच शोक असतो. त्याला सुतक नाही, सांत्वनाला कोणी येत नाही, म्हणून तो कोपऱ्यात पडून राहतो. या एका गोष्टीवर आम्ही बराच वेळ दिला, आणि त्याची गरज होती.

संगीत बदलले, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. समुपदेशनात 'सगळे तुमच्या मनात आहे' हे वाक्य फार सहज वापरले जाते, आणि इथे ते चुकीचे ठरले असते. 2004 साली अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात वाजवणारा डीजे टिएस्टो 2009 च्या सुमारास ट्रान्सपासून दूर गेला, तेव्हा ट्रान्सवाल्यांना तो विश्वासघात वाटला. ज्या हार्डवेलचे बिग रूम, म्हणजे मोठ्या मंचांसाठीचे जोरकस ड्रॉपचे संगीत, ऐकून यांचा ग्रुप वाढला, तो 2018 साली थांबला आणि 2022 च्या मार्चमध्ये मायामीत परतला तो टेक्नोकडे झुकलेला, अधिक काळोखी नाद घेऊन. सध्या मंचांवर मेलोडिक टेक्नो आणि आफ्रो हाउस या शैलींची चलती आहे. मिनिटाला 128 ठोक्यांचा वेग, वर चढत जाणारा बिल्ड-अप, क्षणभर शांतता आणि मग ड्रॉप, या व्याकरणावर ज्याचा कान तयार झाला, त्याला 120 च्या आसपास संथपणे फिरत राहणारे आफ्रो हाउस 'सुरूच होत नाही' असे वाटले तर नवल नाही.

पण बदल खरा आहे एवढ्यावरून ऱ्हास खरा ठरत नाही. याची त्यांच्याच आठवणीतली साक्ष मी त्यांच्यापुढे ठेवली. 2013 च्या मार्चमध्ये मायामीच्या अल्ट्रा महोत्सवात आविचीने मंचावर गिटार, बँजो आणि गाणारी माणसे आणली, तेव्हा डान्स म्युझिकचे चाहते भडकले; हे काय गावठी आणले, म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली. त्याच उन्हाळ्यात त्यातले पहिले गाणे आले आणि जगभर गाजले. आज हे गृहस्थ ज्या गाण्याने हळवे होतात ते हेच, आणि त्या वेळी स्वतः त्यांनीही मित्राला 'आविची संपला' असा निरोप पाठवला होता. हे त्यांनीच हसून कबूल केले.

गोव्याकडे पाहिले तर ही साखळी आणखी मागे जाते. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेले आणि 2023 साली वारलेले डीजे गोवा गिल यांच्या पिढीने हणजूणच्या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या रात्री टेपवर संगीत वाजवले, त्यातून 1990 च्या दशकात गोवा ट्रान्स घडला आणि जगभर गेला. 1980 च्या दशकात रॉक बाजूला पडून तिथे इलेक्ट्रॉनिक संगीत आले, तेव्हा गिटारवाल्या हिप्पींना ते यंत्राचे संगीत वाटले. पुढे किनाऱ्यावर तिकीट काढून महोत्सव होऊ लागले, तेव्हा ट्रान्सवाल्यांना तो बाजार वाटला. या गृहस्थांसाठी तोच बाजार आता सुवर्णकाळ आहे. पुण्यात राहणाऱ्याला हा सूर नवा नाही. पंडित भीमसेन जोशींनी 1953 साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव ज्यांनी रमणबागेत रात्र-रात्र जागून, पहाटेच्या भैरवीपर्यंत ऐकला, ते 'तो सवाई राहिला नाही' असे आजही म्हणतात. गंमत म्हणजे दोन्ही तक्रारींचे एक कारण समान आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले आणि मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षाला फार तर 15 दिवसांवर आणली; त्याने सवाईची पहाट गेली आणि किनाऱ्यावरचीही. आपली आणि सवाई ऐकणाऱ्या आपल्या सासऱ्यांची तक्रार एकाच कायद्याविरुद्ध आहे, हे कळल्यावर या गृहस्थांना फार मौज वाटली. (हणजुणात घर असलेल्या आणि सकाळी कामाला जाणाऱ्या माणसाला त्या रात्री आठवतात त्या निराळ्या कारणाने, हेही नमूद केलेले बरे.)

एखाद्या वयातले संगीत मनात घट्ट का रुतते, याविषयी बरेच संशोधन झाले आहे. 1989 साली मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना जुनी-नवी लोकप्रिय गाणी ऐकवली. श्रोता साधारण 23-24 वर्षांचा असताना जी गाणी गाजत होती त्यांना सर्वाधिक पसंती मिळाली. पुढच्या अभ्यासांत हे वय मागेपुढे झाले, पण किशोरवय आणि विशीतल्या आठवणी अधिक ठळक राहतात हे वारंवार दिसले. या गृहस्थांचे चोविसावे वर्ष 2012, म्हणजे या संगीताच्या भरभराटीचा ऐन काळ. हे ऐकून त्यांना दिलासा मिळेल असे वाटले होते. ते म्हणाले, 'म्हणजे आता दार बंदच झालं म्हणायचं.'

तसे नाही, आणि का नाही हे मॅकगिल विद्यापीठातल्या एका प्रयोगावरून समजते. 2011 साली व्हॅलरी सलिमपूर आणि रॉबर्ट झाटोरे यांच्या गटाने, स्वतःच्या आवडीच्या संगीताने अंगावर काटा येणाऱ्या माणसांचे मेंदू तपासले. काटा येण्याच्या क्षणी डोपामिन हे सुखाशी जोडलेले रसायन सुटते हे तर दिसलेच, पण त्या क्षणाच्या आधी, तो आता येणार या अपेक्षेच्या काळातही ते मेंदूच्या वेगळ्या भागात सुटते असे आढळले. काटा जितका ड्रॉपचा तितकाच तो येणार हे आधी ठाऊक असण्याचा, असा मी त्याचा अर्थ लावते. अनोळखी शैलीत काय येणार हे ठाऊक नसते, त्यामुळे वाट पाहण्याचे सुख मिळत नाही आणि आलेले कळतही नाही. विसाव्या वर्षी हॉस्टेलमध्ये एकच सेट, म्हणजे डीजेने सलग वाजवलेली मैफल, पंचवीस वेळा ऐकून हे शिक्षण आपोआप झाले होते. आवड निर्माण होण्यामागे केवढे ऐकणे असते, हे आपण विसरतो, कारण तेव्हा ते कष्ट वाटले नव्हते.

या तर्काची परीक्षा म्हणून मी त्यांना काही दिवस नोंद ठेवायला सांगितली: काय ऐकले, कुठे, किती वेळ. नोंदीतून जे निघाले ते त्यांना अनपेक्षित होते. कारखान्यात जाता-येता, वाहतूक कोंडीत, गाडीत रोज तीच साठेक गाणी वाजत होती. ॲपही तीच पुढे करत होते. नवे गाणे चुकून लागले तर मिनिटभरात पुढे ढकलले जाई. आणि ज्या जुन्या गाण्यांसाठी ते एवढे हळहळत होते, त्यांच्यासमोरच्या रकान्यात बहुतेक दिवशी 'विशेष काही नाही' असे त्यांनीच लिहिले होते. रोज क्लच दाबताना वाजवून ती गाणीही त्यांनी झिजवून टाकली होती. आता त्यांना जोडलेली आठवण गोव्याच्या किनाऱ्याची कमी आणि सिग्नलची जास्त होती.

गतकाळाची ओढ वाईट असते असे मी मानत नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठात टिम विल्डशूट आणि कॉन्स्टंटाइन सेडिकिडिस यांनी 2006 पासून केलेल्या अभ्यासांतून असे दिसते की, एकाकी आणि उदास असताना माणूस जुन्या आठवणींकडे वळतो आणि त्या आठवणी त्याला माणसांशी जोडलेले असल्याची जाणीव देतात. औषध म्हणून ते चांगलेच आहे. पण हे गृहस्थ ते रोज दोन वेळा, गरज असो वा नसो, घेत होते, आणि त्याच मापाने नव्याला नापास करत होते. म्हणून दोन गोष्टी ठरल्या. जुनी यादी गाडीतून काढायची आणि निवांत बसून ऐकायची असेल तेव्हाच लावायची. आणि न आवडणाऱ्या एका शैलीचा एक पूर्ण सेट, मध्ये न थांबवता, दुसरे काही न करता, काही आठवडे पुन्हा पुन्हा ऐकायचा. शक्य तर ज्याला तो आवडतो अशा माणसाबरोबर. या दुसऱ्या अटीला त्यांनी कुरकुर केली. अखेर टेक्नोचा वेडा असलेला बावीस वर्षांचा भाचा मदतीला आला. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, 'मामा, तू ड्रॉपची वाट बघतोयस. इथे ड्रॉप येतच नाही. खालचा बेस कसा हळूहळू सरकतोय ते ऐक.' मी तासभर बोलून जे समजावू शकले नसते ते त्या मुलाने दोन वाक्यांत सांगितले.

याचा परिणाम चमत्कारासारखा झाला नाही. दीडेक महिन्यानंतर मेलोडिक टेक्नोच्या एका सेटमध्ये त्यांना 'कुठेतरी काहीतरी झालं', आणि ते तो सेट आपणहून ऐकू लागले. हार्ड टेक्नोने त्यांचे डोके दुखते आणि आफ्रो हाउस अजूनही कंटाळवाणे वाटते. त्यात बिघडले काहीच नाही; विशीतही त्यांना डबस्टेप कधी आवडले नव्हते, फक्त तेव्हा त्यांनी त्याचा संबंध वयाशी लावला नव्हता. ज्याला हे कष्ट घ्यायचे नसतील त्याने न घेता जुनेच ऐकावे, हेही मी सांगते. नव्याशी जुळवून घेणे हे काही निरोगी मनाचे प्रमाणपत्र नव्हे, आणि पन्नाशीत केवळ आपल्या तारुण्यातले ट्रान्स ऐकून सुखी असलेली माणसे मला ठाऊक आहेत.

या प्रकरणातली सर्वांत अवघड भेट संगीताविषयी नव्हतीच. त्यांच्या पत्नीला एकदा बोलावले होते. 'वय झालं आपलं' हे वाक्य नवऱ्याला एवढे का लागले, हे पत्नीला ठाऊक नव्हते, आणि ते बोलण्यामागे तिचे स्वतःचेही काही दुखणे होते. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, 'तुझ्या सगळ्या चांगल्या दिवसांत मी नाहीच आहे रे. 2009, 2010, 2012. आपलं लग्न 2016 चं. मग पुढची वर्षं काय होती?' आठवणींत रमणाऱ्या माणसाला त्या ऊबदार वाटतात. शेजारी बसलेल्याला त्यातून आपण वगळले गेल्याचे ऐकू येते. त्यांनी गडबडून नवी मुंबईच्या त्या कार्यक्रमाची आठवण काढली. पत्नी म्हणाल्या, 'तेव्हा माझे पाय दुखत होते आणि तू अडीच तास वळून पाहिलं नव्हतंस.' यावर हसू आले ते आधी पत्नीलाच. आम्ही तिथेच थांबलो, कारण पुढचे बोलणे त्या दोघांनी घरी करणे योग्य होते.

उलट बाजूचीही माणसे येतात. पंचविशीतल्या एका मुलीला आपण शाळेत असताना बिग रूम ऐकत होतो याची एवढी लाज वाटे की, नव्या मित्रांसमोर तिने आपल्या जुन्या प्लेलिस्ट पुसून टाकल्या होत्या. 'कमर्शियल' हा शब्द तिच्या गटात शिवीसारखा वापरला जातो. तिच्या बाबतीत मी संगीताला हातच घातला नाही. लोक हसतील म्हणून ती आणखी काय काय लपवते आहे, ते विचारले, आणि यादी बरीच लांब निघाली.

त्या गृहस्थांनी पुढच्या डिसेंबरचे तिकीट काढले नाही. दोन मित्र नाराज झाले, एक मात्र गुरुवारी रात्री फोनवर त्यांच्याबरोबर एखादा नवा सेट ऐकू लागला. दोघांच्याही मुली झोपल्यावर, हलक्या आवाजात. शेवटच्या भेटीत आम्ही या सगळ्यावर पाचेक मिनिटेच बोललो. कारखाना दुसऱ्या राज्यात हलण्याची चिन्हे होती, पत्नीची नोकरी पुण्यात, मुलगी पहिलीत, आणि जायचे की नाही हे महिन्याभरात ठरवायचे होते. उरलेला सगळा वेळ त्यातच गेला.